चौथा स्पीकर

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार

मुलगी फलकने पुण्याहून खोकं पाठवलं. आत बिनतारी स्पीकर. खोक्यावर चार असं छापलंय. आत तीन निघाले. चौथ्याची खाच रिकामी.

खोकं आलं तेव्हा मी बँकेत होतो, हयातीच्या दाखल्यासाठी. परत आलो तर ते उघडलेलं. बायकोला, बिस्मिल्लाला विचारलं. ती म्हणाली, "पट्टी अपनेआप निकली."

घरात आम्ही दख्खनी बोलतो. लिहिताना मराठी येते. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक होतो. साक्षीदार बोलेल ते लिहायचं, आपलं काही घालायचं नाही. ही वही त्याच पद्धतीने ठेवतो.

फलकचा फोन आला. "अब्बू, घर लई शांत झालंय तुमचं. गाणी ऐका. फोनवर गाणं निवडायचं, कुठल्या खोलीत वाजवायचं ते निवडायचं. बस. कुणाला पाठवू का बसवून द्यायला?"

गरज नाही म्हणालो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

स्पीकर बसवले. साडेचार तास लागले. माहितीपत्रक अकरा भाषांत आहे, मराठी नाही. चित्रांवरून काम केलं. चित्रातला माणूस सुरुवातीपासून हसतोय.

तिघांना नावं दिली: बैठक, स्वयंपाकघर, गच्चीची खोली. फोनवर मात्र चार दिसतात. चौथ्याखाली 'स्पीकर ४' एवढंच. सगळे एकदम वाजवायचे तर 'सगळं घर' दाबायचं.

नेटचा परवलीचा शब्द मला माहीत नव्हता. बिस्मिल्लाने टाकून दिला. नेट आमचं आणि शेजारच्या महांतप्पाचं एकच आहे. त्याची डबी सामाईक भिंतीच्या खिडकीत, वीज त्यांची. ही भांडणापूर्वीची व्यवस्था. भांडणात नेटचा मुद्दा निघाला नाही.

भांडणाची नोंद या वहीत नाही. करून ठेवतो.

महांतप्पा शेटे एसटीत वाहतूक नियंत्रक होता. धाराशिवच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचा. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसत असे. टेपवर गाणं लागायचं. एक गाणं मी निवडायचं, त्याला उत्तर म्हणून एक त्याने. सव्वीस वर्षं. गेल्या वर्षी तीस नोव्हेंबरला माझा निरोप समारंभ झाला. महांतप्पाने आग्रहाने चार शब्द बोलायला माइक घेतला. म्हणाला, "गफारभाईंनी साक्षीदाराचा एक शब्द चुकवला न्हाय. पण सव्वीस वर्षं माज्या ओट्यावर बसून एकदा बी सम गाठली न्हाय. गाणं समेवर येतं आन् यांची मान येती पुढच्या गाडीनं."

सगळं कोर्ट हसलं. साहेब हसले. शिपाई हसले. वेळ सायंकाळी सहा.

तेव्हापासून बोललो नाही. त्याने माफी मागितली नाही. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. मला ताल कळतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथा स्पीकर मिळाला नसल्याबद्दल कंपनीला तक्रार पाठवली. रिकाम्या खाचेचे दोन फोटो जोडले.

बिस्मिल्ला म्हणाली, "तीन कमरे हैं, चौथा काय को होना?"

प्रश्न खोल्यांचा नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पाच वाजता 'सगळं घर' दाबून राग भैरव लावला. भैरव सकाळचा राग, हे मला माहीत आहे. घर माझं, वेळ माझी.

चार मिनिटं वाजला. मग मध्येच तुटला आणि पूरिया सुरू झाला. पूरिया संध्याकाळचा. मी परत भैरव लावला. परत तुटला. परत पूरिया.

माहितीपत्रकात लिहिलंय की यंत्र ऐकणाऱ्याची आवड शिकतं. वेळ पाळतं असं कुठे लिहिलेलं नाही. पण पाळतं. सकाळची गाडी संध्याकाळी सोडायची नाही असं महांतप्पा म्हणायचा. यंत्राला ते उपजतच कळतं आणि ते टोमणा मारत नाही.

पूरिया पूर्ण ऐकला. चांगला होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी एक ठुमरी लावली. संपल्यावर यंत्राने काही लावलं नाही. दुपारी बारानंतर उत्तर आलं. तेच बोल, दुसरी बाई, जास्त सावकाश.

बिस्मिल्ला स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. म्हणाली, "ये अच्छा है."

तिला गाणं आवडतं हे मला माहीत नव्हतं. विचारलं. "छत्तीस साल में पहली बार पूछे," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यंत्राचं वेळापत्रक लक्षात आलं. सकाळी सात ते नऊ तल्लख. दुपारी दोन ते साडेतीन उत्तर नाही, तापत असावं. साडेतीनला हमखास एखादं हलकंफुलकं. संध्याकाळी उत्तम. सोमवारी सकाळी बंद. याचं कारण कळत नाही.

महांतप्पाचं कसं चाललंय ते भिंतीमुळे थोडं कळतं. सोमवारी सकाळी तो महादेवाला जातो. दुपारी घोरतो. बाकी काही माहिती नाही, नको.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पेपरात जाहीर नोटीस आहे. महांतप्पा सोमलिंग शेटे यांची मिळकत, घर व पुढील ओटा, आमचे पक्षकार खरेदी करीत आहेत. कोणाचा हक्क, वहिवाट, बोजा असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी. नंतर हरकत चालणार नाही. खाली वकिलाचं नाव.

पंधरा दिवस म्हणजे अठ्ठावीस तारीख.

मुलगा सोलापूरला असतो. तिकडे जात असणार.

बिस्मिल्लाला वाचून दाखवलं. तिला आधीच माहीत होतं. भिंतीवरून शांताक्काने सांगितलं होतं. शांताक्का म्हणजे महांतप्पाची बायको. तिचं माहेर उमरग्याच्या पलीकडे; ती आणि बिस्मिल्ला अर्ध्या कानडीत, अर्ध्या दख्खनीत बोलतात आणि दोघींना सगळं कळतं.

"शांताक्काकू जाना नै," बिस्मिल्ला म्हणाली. "लेकिन अप्पा बोले, इथं बोलायला कोन हाय? कुनासाठी राहू?"

मी म्हणालो, माणसाने मुलाकडे जाणं योग्यच. आमची काही हरकत नाही.

ती उठून आत गेली. तिथे कुकर लावलेला नव्हता, काही नव्हतं. तरी बराच वेळ आत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजची संध्याकाळ लिहून ठेवण्यासारखी.

पाच वाजता मी एक कव्वाली लावली. यंत्राने कानडी वचन, म्हणजे तिकडचं भजन, लावलं. शब्द कळले नाहीत, पण चाल कव्वालीचीच चुलत बहीण. मग मी सारंगी लावली. यंत्राने सारंगीच लावली, पण त्याच्या गुरूची. मी एक जुनं नाट्यपद काढलं, सहसा कुणाला माहीत नसलेलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि तेच पद दुसऱ्या गायकाचं लावलं, तान जास्त मोकळी. मी हरलो. आनंद झाला.

बिस्मिल्लाला म्हणालो, "या यंत्राला महांतप्पापेक्षा जास्त कळतं."

ती म्हणाली, "बोलूं क्या उनकू?"

सांग म्हणालो.

सात वाजता यंत्राने लहान मुलांचं बडबडगीत लावलं. सलग तीनदा. बिघाड असावा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बडबडगीतानंतर यंत्र वेगळ्याच नादात आहे. मी ख्याल लावला, तर त्याने नुसता तबला लावला. तीनताल, विलंबित. गाणं नाही, काही नाही, वीस मिनिटं तबलाच. बंद करणार होतो. केला नाही. खुर्चीत बसून ऐकलं. सोळा मात्रा, मग पहिली. सोळा, मग पहिली.

बिस्मिल्ला दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. एकाएकी म्हणाली, "हौ! अब आई."

काय आलं विचारलं.

"कुछ नै. सुनो तुम."

१९ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीचं उत्तर. आमच्या नोंदीप्रमाणे आपले चारही स्पीकर चालू स्थितीत असून नियमित वापरात आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर.

कागद एक सांगतो, डोळे दुसरं. अशा वेळी साहेब पाहणीचा हुकूम द्यायचे. कपाटं, माळा, पलंगाखाली पाहणी केली. चौथा स्पीकर नाही. मच्छरदाणी सापडली, चार वर्षांपूर्वी हरवलेली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फलकला यंत्राच्या बुद्धीबद्दल सविस्तर सांगितलं. वेळ पाळणं, दुपारची विश्रांती, तबला. म्हणालो, याच्याशी महांतप्पाची गाठ घालून द्यायला हवी होती. दोघांचं जमलं असतं.

तिला खोकला आला. मग म्हणाली, "नेट अडकतंय अब्बू."

अडकत नव्हतं. मागे हसण्याचा आवाज येत होता. हसणारी तीच होती असं माझं मत.

शेजारी खोकी बांधायला सुरुवात झालीय. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नऊ चाळीसला आमच्या घराची वीज गेली. फक्त आमची, खांबावर फ्यूज उडाला होता. त्या वेळी 'सगळं घर'वर एक भजन चालू होतं, मीच लावलेलं. तिन्ही स्पीकर एकदम मुके झाले.

भजन थांबलं नाही. भिंतीपलीकडे चालू राहिलं.

मी फोनवर थांबवलं. भिंतीपलीकडे थांबलं. चालू केलं. चालू झालं. योगायोग असू शकतो. पुन्हा थांबवलं, पुन्हा चालू केलं. तिसऱ्यांदा महांतप्पाचा आवाज आला, स्टँडवरचाच, माइकची गरज नसलेला.

"शांते, हे का चालू-बंद, चालू-बंद? उचकी लागली का याला?"

मी फोन खाली ठेवला.

बिस्मिल्लाला समोर बसवून विचारलं. प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी:

"चौथा स्पीकर कुठंय?"

"शांताक्का के पास."

"कधी दिला?"

"जिस दिन खोका आया, उसी दिन. तुम बँक में थे."

"तू मला तीन आले म्हणून सांगितलंस."

"मैं नै बोली. तुम गिने. तुम पूछे खोका कैसा खुला, मैं बोली पट्टी अपनेआप निकली. पट्टी का सवाल था, पट्टी का जवाब दी."

"फलकला माहीत होतं?"

"फलक का ही तो खयाल था."

"महांतप्पाला?"

इथे तिने पदर सावरला. "वो उनसे पूछो. मैं दूसरे की गवाही कैसी देऊं?"

एकतीस वर्षं साक्षी लिहिल्या. इतकी पक्की साक्षीदार पाहिली नव्हती.

नेट एकच, म्हणून त्याच्या फोनवरूनही हे स्पीकर वाजतात. म्हणजे सतरा दिवस मी महांतप्पाला गाणी ऐकवली आणि त्याने मला ऐकवली. म्हणजे तबला. म्हणजे बडबडगीत. म्हणजे महांतप्पापेक्षा ज्याला जास्त कळतं ते यंत्र महांतप्पाच, आणि तसा निरोप त्याला मीच पाठवलेला.

तो मात्र अजून मला यंत्रच समजत असणार. तेवढं माझ्या बाजूने आहे.

स्पीकरच्या पिना काढून ठेवल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाच वाजता काही लावलं नाही. पेपर वाचला. कालचा होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बिस्मिल्लाने स्वयंपाकघरातल्या स्पीकरची पीन परत लावली. माझी परवानगी घेतली नाही.

साडेतीनला त्यावर गाणं आलं. जुनं, बासरी. अर्धं झालं आणि थांबलं. उत्तराला जेवढी जागा सोडावी लागते तेवढी जागा सुटली. मग काही नाही.

बिस्मिल्ला भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी फोन हातात घेतला होता. चष्मा पुसण्यासाठी खाली ठेवला.

थोड्या वेळाने शेजारी पुन्हा चिकटपट्टीचा आवाज.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थंडी वाढली. शेजारी टेम्पो ठरवल्याचं कळलं, पुढच्या आठवड्यात.

ओट्यावर कुत्रं बसतं आता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शेवटचा दिवस. जुम्म्याच्या नमाजनंतर घरी न येता वकिलाच्या कार्यालयात गेलो. हरकत लेखी दिली, प्रतीवर शिक्का घेतला. मजकूर असा:

"मी खाली सही करणार गफार इमामसाब तांबोळी, सेवानिवृत्त लघुलेखक, रा. धाराशिव, लिहून देतो की, सदर मिळकतीच्या पुढील दगडी ओट्यावर पूर्वेकडील कोपऱ्यात, खांबाला टेकून, दर रविवारी सायंकाळी पाच ते दिवेलागणीपर्यंत बसण्याची माझी वहिवाट गेली सव्वीस वर्षे उघडपणे, शांततेने व कोणाच्याही अडथळ्याविना चालू आहे. त्यामुळे सदर कोपऱ्यावर मला बसण्याचा हक्क प्राप्त झाला आहे. सबब माझ्या हक्काचा निवाडा झाल्याखेरीज खरेदीखत होऊ नये."

तरुण वकिलाने दोनदा वाचलं. "काका, हे गंभीर आहे का?"

"शिक्का मारा," म्हणालो.

दोन गोष्टी मजकुरात लिहिल्या नाहीत. इथे लिहितो. एक, वहिवाटीत खंड पडला आहे. तो सहन करून वर्ष गेलं तर हक्क गेला. वर्ष रविवारी सायंकाळी सहा वाजता भरतं. दोन, मालकाच्या परवानगीने बसणाऱ्याला हक्क मिळतच नाही. पाहुणा शंभर वर्षं बसला तरी पाहुणाच. आणि मला दर रविवारी चहा मिळत होता.

हे मला लिहिताना माहीत होतं.

घरी आलो. बिस्मिल्लाने कुठे गेला होतात विचारलं नाही. ताटात दोन शिककबाब जास्त होते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अकराला फाटकाशी महांतप्पा. हातात हरकतीची प्रत. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. एका वर्षात केस फार पांढरे झालेत.

"गफारभाई! भाईर या!"

गेलो. गल्लीत चार दारं उघडली.

"ह्ये काय लावलंय? घेणारा माणूस म्हणतोय, आधी तो कोपरा मोकळा करा, मग बोलू. कोपरा? माज्या ओट्याचा कोपरा तुमचा?"

"वहिवाटीने."

"कसली वहिवाट! सोलापूर गाडीत रोज खिडकीला बसतो म्हणून खिडकी त्याची होती का?"

"तिकीट काढून बसतो तो. मी तिकीट काढलं नव्हतं."

"साक्षीदार कोन?"

शांताक्का त्यांच्या दारात उभी होती. म्हणाली, "म्या हाय की. सव्वीस वर्सं ह्यो माणूस तितंच बसलाय. खांबाला तेलाचा डाग पडलाय डोस्क्याचा. घासून घासून माजे हात गेले."

"तू गप. तू कुनाकडनं हाईस?"

"खांबाकडनं."

गल्ली हसली. महांतप्पाही हसणार होता, त्याने टॉवेलने तोंड पुसलं.

"वकिलाला इचारलंय म्या रात्री. खंड पडलाय. वर्स झालं, फिरकला न्हाईत. हक्क गेला!"

"वर्ष उद्या सहा वाजता भरतं," मी म्हणालो. "तुम्ही ते वाक्य सहा वाजता बोललात."

त्याने बोटांची पेरं मोजली. वेळेच्या बाबतीत तो पक्का आहे.

"वेळ ध्यानात ठिवली," शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता. "आन् म्या काय वाईट बोललो हुतो? सगळ्यांदेखत बोललो, त्ये चुकलं. पर खोटं न्हवतं."

"ते खोटंच होतं."

"मंग तबला कशाला लावला म्या तुमाला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो प्रतीच्या घड्या घालत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिशी कळलं. एक ओळ पाच-पाच बार मागं घेऊन ऐकणारा ह्या जिल्ह्यात दुसरा कोन हाय? मशीन आसं करत न्हाय. आन् पाच वाजता भैरव! त्ये तर मशीनच्या बी डोस्क्यात येनार न्हाय. त्ये फकस्त गफारभाईच्याच."

"मग बोललात का नाही?"

"तुमी बोलत हुता की. गप का बसू दिऊ?" तो वळला. चार पावलं गेला आणि परत आला. "आन् ते, महांतप्पापेक्षा मशीनला जास्त कळतं म्हणालात ना? कळलं मला. त्येच्यासाठी बडबडगीत हुतं."

फाटक त्याने जोरात लावलं. माझं फाटक. बिजागरी सैल आहे ते त्याला माहीत आहे, म्हणून वरून उचलून लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

वर्ष सहा वाजता भरणार होतं. चार पन्नासला निघालो. धुतलेला सदरा घातला. बिस्मिल्ला म्हणाली, "टोपी सीधी करो." केली.

ओट्यावर कुत्रं होतं. त्याला उठवलं. ते हक्क न सांगता गेलं. पूर्वेच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसलो. डाग आहे.

महांतप्पाचं दार बंद होतं. आत कुणाचीतरी हालचाल. मी घड्याळ समोर ठेवलं. पाच वाजले. पाच दहा झाले. कुणी अडवलं नाही, कुणी बोलावलं नाही. कायद्याच्या दृष्टीने उत्तम परिस्थिती. बसायला मात्र वाईट. दगड गार होता.

सव्वापाचला दार उघडलं. महांतप्पा बाहेर आला, हातात चहाचा एक कप. माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. स्वतः पलीकडे बसला.

"च्या घ्या, गफारभाई."

मी कपाकडे पाहिलं.

"काल राती वकिलाशी पुन्यांदा बोललो," तो म्हणाला. "लई हुशार पोरगं हाय. म्हणलं, मालकानं च्या दिला आन् ह्येंनी घेतला की परवानगी झाली. पाव्हणा ठरला. पाव्हण्याला हक्क न्हाय. हरकत निकालात." त्याने मांडी घातली. "आता घ्या. न्हाईतर घेऊ नगा. हक्क तुमचा, तुमी ठरवा."

कप वाफाळत होता. शांताक्का चहात आलं घालते. त्यांच्या दारात ती येऊन उभी राहिली होती. आमच्या दारात बिस्मिल्ला.

मी चहा न घेता बसलो असतो तर दावा टिकला असता. निदान चर्चेपुरता. घर विकलं गेलं असतं तरी कोपरा माझा आहे असं मी म्हणू शकलो असतो. नव्या मालकाच्या ओट्यावर, दर रविवारी, कुणीही न बोलावता.

चहा घेतला. थोडा थंड झाला होता.

महांतप्पाने मोठा श्वास सोडला. समोरून एक रिक्षा गेली. मग मी विचारलं, "टेम्पो कधी येतोय?"

"कसला टेम्पो?"

"सोलापूरचा."

"कसा यील? पोराला सांगितलं फोनवर, मिळकतीवर वाद हाय. लेखी हरकत हाय, शिक्क्याची. वाद मिटल्याबिगर घर इकता येत न्हाय. त्यो घेणारा बी दुसरं घर बघतोय म्हनं."

"पण वाद मिटला," मी म्हणालो. "मी चहा घेतला."

महांतप्पाने माझ्याकडे पाहिलं. मग रिकामा कप उचलून आपल्या मागे, खांबाच्या पलीकडे सरकवला.

"कुनी बघितलं?"

मी दोन्ही दारांकडे पाहिलं. शांताक्का आकाशाकडे बघत होती. बिस्मिल्ला म्हणाली, आपल्याला लांबचं दिसत नाही, मोतीबिंदू आहे. तिला मोतीबिंदू नाही.